विश्लेषण : ठिबक आहे, तरी पीक असमान का?

राज्यात ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना मापदंडानुसार खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, तर इतर शेतकऱ्यांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. मात्र संच बसला म्हणजे पाणी वाचले, असे नाही.

आराखडा का महत्त्वाचा?
ठिबकची सुमारे ९० टक्के कार्यक्षमता सर्व ड्रीपरमधून जवळपास सारखे पाणी पडले तरच मिळते. लॅटरल जास्त लांब टाकली किंवा चढ-उतार पाहिला नाही, तर टोकाला दाब घटतो.

ड्रीपर का बंद पडतात?
कालव्याच्या पाण्यातील गाळ व शेवाळ, बोअरच्या पाण्यातील क्षार यांमुळे. गाळासाठी फिल्टर धुणे व लॅटरलची टोके उघडून फ्लशिंग, क्षारांवर आम्ल प्रक्रिया, शेवाळावर क्लोरीन प्रक्रिया हे उपाय आहेत. आम्ल व क्लोरीन एकत्र वापरू नये. विषारी वायू तयार होतो.

पिकावर परिणाम काय?
विद्राव्य खतेही त्याच नळीतून जातात. त्यामुळे टोकाचे झाड पाण्याला आणि खताला, दोन्हींना मुकते.

तपासणी कशी करावी?
लॅटरलच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या ड्रीपरखाली सारखाच वेळ भांडे ठेवून पाणी मोजावे. मोठी तफावत दिसली, तर पाणी देण्याचे तास वाढवण्याआधी संच दुरुस्त करावा. अन्यथा सुरुवातीला पाणी वाया जाते आणि टोक कोरडेच राहते.