डिझेल गाडीतला डीपीएफचा दिवा आणि घरातल्यांची फुफ्फुसे

डिसेंबरमध्ये एक वडील आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला दमा आहे आणि त्या महिन्यात तिला रात्री तिसऱ्यांदा धाप लागली होती. भिंतींना ओल, उदबत्ती, घरातले धूम्रपान हे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. मग गाडीबद्दल विचारले. ते म्हणाले, "डिझेल आहे, बीएस ६. सारखा दिवा लागायचा, म्हणून गॅरेजवाल्याने फिल्टरच काढून टाकला. आता कटकट नाही." हीच गाडी रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटे चालू ठेवली जायची आणि मुलगी दप्तर घेऊन तिच्या मागेच उभी असायची.

तिची धाप त्या गाडीमुळेच वाढली, असे मी ठामपणे सांगू शकत नाही. दम्याला एकच कारण क्वचित असते. पण फिल्टर काढण्याचा निर्णय फक्त गाडीपुरता नसतो, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. तुम्हालाही असाच सल्ला मिळाला असेल, तर निर्णय घेण्याआधी पुढची माहिती वाचा.

डीपीएफ म्हणजे काय?

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींमध्ये हा फिल्टर आला. बीएस ४ डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, बीएस ६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. शिवाय कणांच्या वजनाबरोबर त्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. त्याच वेळी डिझेलमधले गंधकही ५० वरून १० पीपीएमपर्यंत उतरले.

हा फिल्टर सायलेन्सरच्या मार्गात, इंजिनच्या बाजूला असतो. आत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. त्यांची तोंडे एकाआड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडेच अडकते.

मग दिवा का लागतो?

अडकलेली काजळी जाळावी लागते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. हायवेवर गाडी सलग चालली की धूर पुरेसा गरम असतो आणि बरीच काजळी आपोआप जळते. तेवढ्याने भागले नाही, तर गाडी स्वतः थोडे जास्त डिझेल वापरून फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते. याला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात.

अडचण शहरात येते. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतच नाही. रिजनरेशन सुरू होते आणि आपण किल्ली काढून घेतो. असे वारंवार झाले की काजळी साचते आणि दिवा लागतो. तरीही दुर्लक्ष केले, तर गाडी स्वतःची ताकद कमी करते. अर्धवट रिजनरेशनमधले डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ होऊ शकते.

म्हणजे बहुतेक वेळा हा दिवा फिल्टर बिघडल्याचा नसून गाडी तिच्या स्वभावाविरुद्ध वापरली जात असल्याचा असतो. गणपतीला कोकणात जाऊन आल्यावर तोच दिवा गायब झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, त्याचे कारण हेच.

ही काजळी शरीरात काय करते?

आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी ते गिळतात, पण काजळी त्यांना पचवता येत नाही. गाडीचा फिल्टर भरला तर जाळून रिकामा करता येतो. फुफ्फुसाला ती सोय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. लंडनमध्ये दम्याच्या ६० रुग्णांना एकदा डिझेल बस आणि टॅक्सींची वर्दळ असलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, तर एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास चालायला लावले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रस्त्यावर चालताना त्यांची श्वसनक्षमता बागेतल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त घटली.

हृदयाबद्दलचा पुरावा तर थेट फिल्टरशी जोडलेला आहे. एडिंबरोच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना नियंत्रित वातावरणात डिझेलचा धूर हुंगायला दिला. साध्या धुराने रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झाली आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढली. तोच धूर कण अडवणाऱ्या फिल्टरमधून सोडला, तेव्हा हे परिणाम कमी झाले. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या व्यक्ती ज्या घरात आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

"पीयूसी तर पास होते!"

हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. आपल्याकडे पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजला जातो. काळा धूर त्यात सापडतो, पण डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण मोजण्यासाठी ते यंत्र नाही. त्यामुळे फिल्टर नसलेली गाडीही कधी कधी सुटते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर नसेल तर गाडी नापास होते, मग ती मोटार असो की मोटरहोम. नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले. आपल्याकडेही कणांची संख्या तपासल्याशिवाय बीएस ६ चा खरा फायदा टिकणार नाही.

कायद्याने गाडीत असा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार प्रदूषणाची मानके मोडणारी गाडी चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

फिल्टर काय करत नाही?

फिल्टर असला म्हणजे धूर निर्धोक झाला, असेही नाही. तो कण अडवतो, वायू नाही. नायट्रोजन डायऑक्साइड फिल्टरमधून पार होतो आणि दमेकऱ्याची श्वासनलिका त्यानेही चिडते. रिजनरेशन चालू असताना काही मिनिटे कणांचे प्रमाणही वाढते. म्हणून उभी गाडी विनाकारण चालू ठेवू नका, आणि बंद पार्किंगमध्ये तर कधीच नको. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

रोजच्या वापरात काय करावे?

• गाडीचे मॅन्युअल वाचा. दिवा लागल्यावर किती वेगाने आणि किती वेळ चालवायचे, ते त्यात दिलेले असते. बहुधा मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटे सलग चालवणे पुरते.
• गाडी थांबवल्यावर पंखा जोरात फिरतोय, आयडलिंगचा आवाज वाढलाय किंवा गरम वास येतोय, तर रिजनरेशन चालू असण्याची शक्यता आहे. शक्य असेल तर ते पूर्ण होऊ द्या, पण पार्किंगमध्ये उभे राहून नव्हे, रस्त्यावर चालवून. अशा वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.
• कंपनीने सांगितलेले कमी राखेचे इंजिन ऑइलच घाला. काजळी जळते, ऑइलची राख मात्र फिल्टरमध्येच राहते.
• दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीची ताकद कमी झाली असेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये न्या.
• नवी गाडी घेताना तुमचा रोजचा प्रवास मोजा. तो शहरातल्या छोट्या फेऱ्यांचाच असेल, तर डिझेल गाडी तुमच्यासाठी नाही.

घरात दमा किंवा हृदयविकार असेल तर

• लहान मुलांना चालू गाडीच्या मागे उभे करू नका. सायलेन्सर त्यांच्या नाकाच्या जवळ असतो.
• ट्रॅफिकमध्ये काचा बंद ठेवून एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा. लांबच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा घ्या.
• दुचाकीवर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत.
• डॉक्टरांनी दिलेला रोजचा इनहेलर बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नका.
• बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, इनहेलरने आराम न पडणे किंवा छातीत दाब जाणवणे, यापैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठा.

त्या वडिलांनी दुसऱ्या महिन्यात फिल्टर पुन्हा बसवून घेतला. खर्च मोठा होता आणि त्यांनी तो मला दोनदा ऐकवला. मुलगी इनहेलर चुकीच्या पद्धतीने ओढत होती, तेही आम्ही सुधारले. आता ती रात्री झोपते. यातल्या नेमक्या कशाने फरक पडला, ते मी सांगू शकत नाही. पण सकाळी ती फाटकापाशी उभी राहते आणि वडील गाडी सुरू करून लगेच तिथे आणतात. निदान एवढे तरी आपण सगळे उद्यापासून करू शकतो.