परवाना आहे, दारू नाही

शीर्षक वाचून वसतिगृहातल्या काही मित्रांना हसू फुटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो की ही दारू बंदुकीची आहे. माझे मामा चंदगड तालुक्यात शेती करतात. त्यांच्या ओसरीवर खुंटीला एक ठासणीची बंदूक टांगलेली असते. तिचा परवाना आजोबांच्या काळापासूनचा. मुदत संपायच्या आत फी भरून त्याचे नूतनीकरण होते, आणि खंडेनवमीला नांगर, कोयता व बंदूक यांना एकाच पाटावर हळदकुंकू लागते. परंतु गेल्या सुगीत ती बंदूक एकदाही वाजली नाही. घरात दारू नव्हती, केपाही नव्हत्या.

ज्यांनी बंदूक फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काडतुसाच्या बंदुकीत तयार काडतूस घालतात. ठासणीच्या बंदुकीला प्रत्येक बारासाठी नळीच्या तोंडातून नव्याने दारू भरून गजाने ठासावी लागते आणि घोड्याखाली नवी केप बसवावी लागते. केप म्हणजे ती इवलीशी तांब्यापितळेची टोपी, जिच्यावाचून सगळी बंदूक म्हणजे एक लोखंडी काठी. एक बार निघाला की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा बंदूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण दारू आणि केपा दरवर्षी आणाव्याच लागतात.

आमच्या येळ्ळुरात भाताची राखण म्हणजे मुख्यतः पाखरे हाकणे. मामांकडची गोष्ट वेगळी आहे. तिकडे रताळ्याचे वेल पसरले की रानडुकरे येतात. एका रात्रीत डुकरांचा कळप वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे उकरून जातो. भात पोटरीला आले की गवे येतात, आणि २००२ नंतर कर्नाटकातल्या जंगलातून त्या बाजूला हत्तीही उतरू लागले. मामा रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवतात. डुकरांना आता डब्याची सवय झाली आहे. बाराच्या आवाजाची मात्र अजून झालेली नाही. बहुतेक वेळा मामा छर्रे भरतच नाहीत, नुसता रिकामा बार काढतात. त्यांना डुक्कर मारायचे नसते, रताळी वाचवायची असतात.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. जनावर मारण्याची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंधन घातले, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आले आहे. अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून त्याला गोळी घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. मग उरतो तो आवाज. त्या आवाजासाठी सरकारने बंदूक दिली, पण आवाज ज्यातून निघतो ती वस्तू शेतकऱ्याला कोठे मिळेल याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

मामांच्या दोन खेपांची हकीकत ऐका. बेळगाव त्यांना चाळीसेक किलोमीटर. रताळी विकायला ते बेळगावच्या मार्केटला येतात, दवाखाना बेळगावचा, लग्नाचा बस्ता बेळगावचा, भाचाही बेळगावला शिकतो. म्हणून पहिल्यांदा त्यांनी येथेच एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने परवाना उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "काका, हा महाराष्ट्राचा. मला देता येत नाही." त्याचे चुकले असे नाही, त्यालाही वही दाखवावी लागते. सीमाप्रश्नावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात, पण ही सीमा माझ्या मामांना त्या दिवशी काउंटरवर भेटली.

मग कोल्हापूर. शंभर किलोमीटरहून अधिक, पहाटेची एस. टी., संध्याकाळी परत. पहिल्या खेपेला "माल आला नाही, पुढच्या महिन्यात बघा." दुसऱ्या खेपेला दारू होती तर केपा नव्हत्या. केपांवाचून दारू घेऊन काय करायचे? तरी घेऊ म्हणाले, तर दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून ते तसेच परतले. घरी येऊन मला म्हणाले, "तू कॉमर्सचा नव्हं? घाल बघू हिशेब."

मी घातला. पडतळ काढायची म्हणजे नुसती बिलातली किंमत धरून चालत नाही हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. दोन खेपांचे बसभाडे, दोन बुडालेले रोज, हॉटेलातले जेवण, आणि मामा नसलेल्या त्या दोन रात्री माळ्यावर बसवलेल्या गड्याची मजुरी. ही बेरीज त्या महाग दारूच्या किमतीला केव्हाच ओलांडून गेली. म्हणजे उद्या सरकारने दारूवरचा सगळा कर माफ केला तरी मामांना ती स्वस्त पडणार नाही. दारूपेक्षा तिच्यापर्यंतचा रस्ता महाग आहे.

बाहेरच्या जगातही अशा वस्तूंची टंचाई झालेली आहे. अमेरिकेत हौशी नेमबाज रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरतात. २०२० सालच्या कोरोनाच्या काळात तेथे इतकी खरेदी उसळली की केपांच्या जातीचे प्रायमर दुकानांतून नाहीसे झाले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि युरोपात आधुनिक दारूच्या कच्च्या मालाची ओढाताण सुरू झाली. तो कच्चा माल सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून करतात, म्हणजे मुळात कापूसच. पण त्यांची टंचाई मागणी वाढल्यामुळे झाली. आमच्याकडे मागणी मूठभर शेतकऱ्यांची. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी तालुक्याला दुकान काढणे कोणाला परवडत नाही, आणि जिल्ह्याचा दुकानदार आपला पैसा त्या मालात अडकवून ठेवत नाही. परवाने देणारे खाते एक, दुकान चालवणारा दुसरा, आणि त्या दोघांत गाठ घालून देणारा कोणी नाही.

त्यात निवडणूक. २०२४ साली लोकसभेचे मतदान मे महिन्यात झाले, तेव्हा बंदुका ठाण्यात जमा झाल्या. विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यावर लागली व मतदान २० नोव्हेंबरला झाले. नेमकी भाताची सुगी. मामांची बंदूक पुन्हा ठाण्यात. "डुकरांना आचारसंहिता नाही," एवढेच मामी म्हणाल्या.

आता बंदूक वाजली नाही तर काय होते? पीक जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस आडवाटेला लागतो. कोणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो. त्यात डुकराबरोबर शेजाऱ्याची म्हैसही मरते, कधी शेजारीही. कोणी गावठी बॉम्ब आमिषात लपवून ठेवतो. केरळात मे २०२० मध्ये स्फोटक भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण जबडा फाटून मेली, ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. माकडे हाकायला म्हणून शेतात आलेली कार्बाइडची पाइपबंदूक २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात मुलांच्या हाती गेली आणि कित्येकांचे डोळे जायबंदी झाले. कायदेशीर दारू मिळेनाशी झाली की कोणाकडून तरी गावठी दारू येते. तिचा जोर किती हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसते. मामांच्या गावात एकाच्या डाव्या हाताला दोन बोटे कमी आहेत, ती अशाच एका बारात गेली.

आमच्या कानडी विभागातले मित्र हलगलीच्या बेडरांची लावणी शाळेत शिकलेले आहेत. १८५७ साली शस्त्रे सरकारजमा करण्याच्या हुकुमाविरुद्ध ते लढले. याच राज्यात कोडगूच्या लोकांना शस्त्र परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे, आणि २०१९ मध्ये केंद्राने ती आणखी दहा वर्षे वाढवली. मी तशी सूट मागत नाही. आमच्या एका प्राध्यापकांनी हा विषय ऐकून विचारले की, दारू सहज मिळू लागली तर शिकारी तिचा गैरफायदा घेणार नाहीत काय? काही घेतील. परंतु शिकारी आजही अडलेला नाही. त्याला चोरवाट माहीत आहे. अडला आहे तो पावती मागणारा.

माझे म्हणणे इतकेच आहे. गावोगावच्या सोसायट्या खत देतात, बियाणे देतात. वर्षातून एकदा, पेरण्या आटोपल्यावर, तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक विक्रेत्याला दोन दिवस बोलवावे. तहसीलदार व पोलिसांसमक्ष, परवाना तपासून, त्यावर नोंद करून, ठरलेल्या मर्यादेत दारू आणि केपा द्याव्यात. कोणाला किती दिले याची नोंद आजच्यापेक्षा चोख राहील. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असलेल्या राज्याला हे अवघड वाटू नये. निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका न मागता, ज्याच्यावर गुन्हा नाही अशा शेतीसंरक्षणवाल्याची सुगीपुरती ठेवावी. आणि हे जमणारच नसेल तर सरकारने तसे स्वच्छ सांगावे, परवान्याची फी घेणे थांबवावे, आणि त्या बदली सौरकुंपण द्यावे. मामा ते आनंदाने घेतील. रात्रीची झोप कोणाला नको असते?

तूर्त रताळ्याचे वेल पुन्हा पसरू लागले आहेत. परीक्षा संपली की मामांबरोबर मीही कोल्हापूरला जाणार आहे. केपा आल्या आहेत असा निरोप आहे. दारूचे दुकानदाराने काही सांगितले नाही.