अंदमानचा बाजार आणि सत्तरीचे पाय

हिवाळा सुरू झाला की आमच्या लोहा-कंधार भागातील ज्येष्ठ मंडळी दोन वाटांनी घराबाहेर पडतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाणारी वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दुसरी अलीकडची: नांदेडहून हैदराबाद आणि तेथून विमानाने अंदमान. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले दांपत्य, भिशीतून पैसे साठवलेल्या महिलांचा गट, अशी माणसे सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून निघतात आणि निघण्यापूर्वी ‘तब्येत दाखवून घ्यायला’ दवाखान्यात येतात. विमानात कान दुखतील का, बोट लागेल का, तेथे वरण-भात मिळेल का, हे प्रश्न ठरलेले असतात. बाजाराविषयी मात्र कोणी विचारत नाही. परत आल्यावर ज्या तक्रारी माझ्यासमोर येतात, त्यांतील पुष्कळशा समुद्राच्या नसतात, तुरुंगाच्या जिन्यांच्याही नसतात. त्या खरेदीच्या असतात.

म्हणून खरेदी करू नये, असे मी सांगणार नाही. पंढरपूरहून चुरमुरे आणि बुक्का, माहूरहून कुंकू, माळेगावहून भंडारा घेतल्यावाचून आपल्याकडे कोणी परतत नाही. जो गेला नाही त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे, ही आपली रीत आहे आणि विमानाने गेले म्हणून ती सुटत नाही. “आई, कशाला ओझे करता, सगळे घरबसल्या मिळते,” असे म्हणणाऱ्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते की, सात दिवसांच्या सहलीत उठायचे केव्हा, जेवायचे कोठे, बोटीत बसायचे केव्हा हे सारे दुसऱ्याने ठरवलेले असते. बाजारातला एक तास तेवढा आईचा स्वतःचा असतो. नातीला कोणती माळ शोभेल, हे ती ठरवते. तो तास तिच्याकडून काढून घेऊ नये.

तक्रार आहे ती त्या तासाच्या वेळेविषयी. बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत खरेदी शेवटच्या संध्याकाळी कोंबलेली असते. दिवसभर उन्हात फिरून झालेले, पाय सुजलेले, गाडी खाली उभी आणि हाताशी चाळीस मिनिटे. त्यात एक भौगोलिक गंमत आहे. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात नांदेडला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, पाचच्या सुमारासच. साडेपाचला काळोख होतो आणि शरीराला साडेसात वाजल्यासारखे वाटू लागते. रात्रीची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन लवकर घेऊन नंतर बाजारात रमलेले आणि जेवण लांबल्याने दुकानातच घाम फुटून थरथरू लागलेले रुग्ण मला ठाऊक आहेत. औषध घड्याळाप्रमाणे आणि जेवणाच्या हिशेबाने घ्यावे, सूर्याकडे पाहून नव्हे. शक्य असेल तर सहल ठरवतानाच आयोजकाला सांगून खरेदी एखाद्या सकाळी ठेवून घ्यावी. सकाळी उजेड असतो, रस्त्याची उंचसखल फरशी दिसते आणि माणूस ताजा असतो.

दुकानात एक तास उभे राहणे हे एक तास चालण्यापेक्षा म्हाताऱ्या शरीराला जड जाते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एका जागी उभे राहिले की रक्त पायांत साचते. त्यात बेटावरची दमट हवा, भरपूर घाम आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी यांची भर पडली की डोळ्यांपुढे अंधारी येते. खालच्या कप्प्यातली वस्तू वाकून पाहायची आणि झटकन सरळ व्हायचे, हा तर तोल जाण्याचा हमखास क्षण. यावर उपाय साधा आहे: दुकानदाराला स्टूल मागावे. आपल्याकडे कापडदुकानात गादीवर बसूनच साड्या पाहतात ना? तिकडेही आजी बसल्या तर दुकानदार वस्तू हातात आणून देतो. स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने सकाळपासून पाणी न पिणाऱ्या भगिनी पुष्कळ असतात. त्यांनी बाजारासाठी हॉटेलातून निघण्यापूर्वी जाऊन यावे, पण पाणी तोडू नये.

आता पायांकडे वळू, कारण माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा तेथे आहे. अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायांतील संवेदना हळूहळू कमी होते आणि ती कमी झाल्याचे त्यांना स्वतःला कळत नाही. असा माणूस किनाऱ्यावरच्या टपऱ्यांतून अनवाणी हिंडतो. तापलेली वाळू त्याला पोळत नाही, प्रवाळाचा तुकडा तळव्यात घुसला तरी बोचत नाही. शिवाय जुनी चप्पल ओली झाली म्हणून तेथेच नवी रबरी चप्पल घेतली जाते आणि तिच्या पट्ट्याने अंगठ्याजवळ फोड उठतो. घरी पोहोचेपर्यंत फोडाची जखम झालेली असते. आमच्या तालुक्यातील एक निवृत्त मुख्याध्यापक असेच आले होते. त्यांनी नातवंडांसाठी आणलेल्या वस्तू कौतुकाने दाखवल्या, आणि मोजा काढल्यावर करंगळीशेजारी काळसर पडलेला भाग दिसला. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी पाहिले नव्हते. बोट वाचले, परंतु त्यासाठी दीड महिना मलमपट्टी करावी लागली.

निघण्यापूर्वी घरच्या माणसाने एक चाचणी करावी. तिला उपकरण लागत नाही. ज्येष्ठांना डोळे मिटून पडायला सांगावे. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. स्पर्श जाणवला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. या सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अशा माणसाने वाळूतही पायांतून पादत्राणे काढू नयेत, घरी वापरून मऊ झालेलेच बूट-चप्पल सोबत न्यावेत आणि रोज रात्री कोणाकडून तरी तळवे पाहून घ्यावेत.

काय घ्यावे, याविषयी थोडे. पोर्ट ब्लेअरमध्ये ‘सागरिका’ हे सरकारी विक्रीकेंद्र आहे. तेथे स्थानिक कारागिरांच्या वस्तू मिळतात: नारळाच्या करवंटीच्या वाट्या आणि दिवे, शंख-शिंपल्यांच्या माळा, तांबूस रंगाच्या पडौक लाकडाच्या वस्तू. पडौक हा अंदमानच्या जंगलातला मोठा वृक्ष. त्याचे लाकूड सुंदर असते आणि वजनदारही. किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळ किंवा शंख मात्र पिशवीत घालू नयेत, ते मृत दिसत असले तरीही. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासले जाते आणि सत्तराव्या वर्षी तेथे उभे राहून जबाब देण्याचा ताण कोणाच्याही हृदयाला नको. शंखांची वस्तू दुकानातूनच घ्यावी आणि पावती सामानाबरोबर ठेवावी. डॉक्टर म्हणून मला आणखी एक भीती वाटते. शंकूच्या आकाराचे, नक्षीदार असे काही शंख जिवंत असतात. त्यांतील गोगलगायीचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो आणि त्यावर प्रतिविष उपलब्ध नाही. आजोबांनी कौतुकाने उचलून नातवाच्या हातात द्यावी, अशी ती वस्तू नव्हे.

वजनाची गोष्ट निराळीच. विमानात हातातल्या पिशवीला साधारण सात किलोंची मर्यादा असते आणि मोठ्या सामानाला पंधरा. खरेदी वाढली की हातातल्या पिशवीतून काय काढले जाते? औषधांचा डबा. तो मोठ्या बॅगेत जातो. ती बॅग एखाद्या वेळी दुसऱ्या विमानाने दुसऱ्या दिवशी येते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तिच्यातच असतात. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत मुळीच ठेवू नये, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, तेथे बोटीने जाताना धक्क्यावर सामान चढवावे-उतरवावे लागते. म्हणून जड वस्तू पहिल्याच बेटावर घेऊन चार दिवस त्या वाहत फिरू नये. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने लाकडी हत्तींनी भरलेली पिशवी कमरेत वाकून उचलली, तर पाठीचा मणका दबण्यास तेवढे पुरेसे असते. आपल्याकडे सुक्या खोबऱ्याची आवड फार, पण ते विमानाच्या सामानात चालत नाही.

राहता राहिली पोटात जाणारी खरेदी. लवंग, मिरी, दालचिनी अवश्य आणावी, स्वयंपाकात जेवढी लागते तेवढ्यात तिचा धोका नाही. जायफळ झोपेसाठी दुधात उगाळतात. ते चिमटीपुरतेच असावे, अधिक झाल्यास छातीत धडधड होते आणि म्हातारा माणूस बरळू लागतो. मध कितीही रानातला असला तरी मधुमेह्याच्या रक्तात तो साखरच होतो.

खरी काळजी वाटते ती नोनीच्या रसाची. नोनीचे झाड अंदमानात वाढते आणि ‘सांधेदुखी, साखर, रक्तदाब, सर्वांवर गुणकारी’ अशा शिफारशीसह तिच्या रसाच्या बाटल्या विकल्या जातात. प्रवासी स्वतःसाठी एक आणि गावाकडच्या आजारी नातलगासाठी दोन घेतात. या रसात संत्र्याच्या रसाइतके पोटॅशियम असते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात, पण मूत्रपिंडे अधू असलेल्यांच्या रक्तात ते साठत जाते. अशा एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम नोनीच्या रसाने वाढल्याची नोंद २००० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. यकृताला सूज आल्याच्या नोंदीही पुढे झाल्या. टेल्मिसार्टान, लोसार्टान, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या आणि स्पायरोनोलॅक्टोन या हृदयविकाराच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, तेव्हा धोका दुहेरी होतो. पोटॅशियम वाढले तरी पुष्कळदा काही दुखत नाही, आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचेही तसेच. एका पेलाभर पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, एका मध्यम केळ्याहून अधिक. एरवी ते उत्तम पेय आहे, पण डॉक्टरांनी मूत्रपिंडासाठी पथ्य सांगितलेल्यांनी दिवसाला तीन शहाळी पिणे योग्य नव्हे.

आजारी नातलगासाठी औषधी बाटली नेण्यामागे माया असते, हे मी जाणतो. परंतु त्याच्या गोळ्या आपल्याला माहीत नसतात. त्याला देण्याजोगे दुसरे पुष्कळ आहे. जो अंथरुणावर आहे, त्याच्या हातात मावेल असे काहीतरी आणावे: करवंटीची गुळगुळीत घासलेली वाटी, लाकडाची छोटी होडी. ती त्याने हाताने चाचपावी, वास घ्यावा, आणि तुम्ही उशाशी बसून बोट कशी हलत होती, तुरुंगाच्या कोठडीत उजेड कोठून येत होता, हे सांगावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मात्र बारीक शिंपल्यांची माळ देऊ नये. तो तिचे मणी तोंडात घालतो, गिळतो, कधी श्वासात अडकवून घेतो. त्याला एकसंध, बोथट कडांची, मुठीहून मोठी वस्तू चांगली. आणि तुम्ही सात दिवस फिरत असताना मागे राहून ज्या सुनेने किंवा मुलाने त्या आजारी माणसाचे लंगोट बदलले, तिच्या किंवा त्याच्या नावाची वस्तू सर्वांत आधी घ्यावी, शेवटी उरलेल्या पैशांतून नव्हे.

परतल्यावर आठवडाभरात एकदा डॉक्टरांकडे जावे. आणलेली प्रत्येक बाटली, पुडी, तेल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एकाच पिशवीत घालून न्यावी. टेबलावर ती पिशवी ठेवण्याआधी चप्पल काढून पाय दाखवावेत.