आवाजाचा ताळेबंद

दवनीवाड्यासारख्या गावातील व्यापारी कुटुंबाला धान्याचा सौदा, बँक, दवाखाना आणि मुलांचे शिक्षण अशा अनेक कारणांनी गोंदियाची वाट नित्याची असते. नागपूरची खेपही अधूनमधून घडतेच. मोटार ही आता घराचीच एक खोली झाली आहे. त्या खोलीत स्वच्छ, भरदार आवाज असावा, ही घरातील तरुणांची इच्छा गैर म्हणता येणार नाही. मात्र अँप्लिफायर, सबवूफर आणि कॉम्पोनंट स्पीकर यांवर हजारो रुपये खर्चूनही आवाज फाटका येतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुधा वस्तूंचा नसतो, हिशेबाचा असतो.

पाच चॅनेलचा अँप्लिफायर म्हणजे एकाच पेढीवरची पाच स्वतंत्र खाती. चार खाती स्पीकरांची आणि पाचवे, मोठे खाते सबवूफरचे. कॉम्पोनंट संचात मध्यम स्वरांसाठी वूफर, तीव्र स्वरांसाठी छोटा ट्वीटर आणि दोहोंमध्ये स्वरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर असतो. कोणत्या खात्यात किती द्यावयाचे, हे ठरविण्यासाठी खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पीक’ वॉटचा आकडा उपयोगाचा नाही. ती जाहिरातीची किंमत होय. सतत पेलवणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्यात सांगितलेली असते. खरेदी त्यावरून करावी.

दुसरा हिशेब ओहमचा. ओहम जितके कमी, तितका अँप्लिफायरवरील भार अधिक. सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल असतील, तर समांतर जोडणीने २ ओहम आणि एकसर जोडणीने ८ ओहम होतात. अँप्लिफायरचे सबवूफर चॅनेल २ ओहमपर्यंत चालत असेल तर पहिली जोडणी योग्य ठरेल. दोन चॅनेल ‘ब्रिज’ करून एक स्पीकर चालवताना प्रत्येक चॅनेलला अर्धाच ओहम जाणवतो, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर त्याला २ ओहमसारखा वाटतो. म्हणून पुस्तिकेत ब्रिजसाठी दिलेल्या किमान ओहमखाली कधीही जाऊ नये.

तिसरी गोष्ट कामाची वाटणी. कॉम्पोनंट स्पीकरांच्या चॅनेलवर हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास लावावा, म्हणजे खोल ढोल-तबल्याचा बोजा त्यांच्यावर पडत नाही. सबवूफरवर तेवढ्याच आकड्याचा लो-पास लावावा. ‘बास बूस्ट’ शून्यावरच ठेवावा. शेवटी सबवूफरच्या तारांची धन-ऋण बाजू एकदा उलटून ऐकावी; ज्या जोडणीत खर्ज अधिक भरीव येतो आणि समोरून आल्यासारखा वाटतो, ती कायम करावी.

सर्वांत मोठा गैरसमज ‘गेन’च्या बटणाविषयी आहे. ते आवाज वाढविण्याचे बटण नव्हे. रेडिओ-संचाकडून येणारा संकेत आणि अँप्लिफायरची क्षमता यांचा मेळ घालणारा तो काटा आहे. तो जादा फिरवला की ध्वनिलहरींची टोके छाटली जाऊन सपाट होतात, आवाज फाटतो आणि ट्वीटरची नाजूक कॉइल तापून जळते. साध्या मल्टिमीटरने हा काटा जुळवता येतो. स्पीकर सोडवावेत, संचाचा आवाज सुमारे तीन-चतुर्थांशावर ठेवावा, स्वरांचे सर्व फेरफार शून्यावर आणावेत. मग स्पीकरांच्या चॅनेलसाठी १००० हर्ट्झचा आणि सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा एकसुरी चाचणी-ध्वनी वाजवून एसी व्होल्ट मोजावेत. वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे अपेक्षित व्होल्ट. ७५ वॉट व ४ ओहमसाठी ते १७.३ येते; ३०० वॉट व २ ओहमसाठी २४.५. तेथे पोहोचताच बटण सोडावे. स्पीकरची क्षमता अँप्लिफायरहून कमी असल्यास हिशेब स्पीकरच्या आकड्याने करावा.

यापुढील बाब केवळ ध्वनीची नाही, जिवाची आहे. वरील आकड्यांचा अँप्लिफायर म्हणजे एकूण ६०० वॉट. पूर्ण भाराला तो बॅटरीकडून ५० अँपियरहून अधिक प्रवाह ओढू शकतो. बारीक तार एवढ्या प्रवाहाने तापते आणि तिचे आवरण वितळले की आगीला निमित्त मिळते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचीच, शुद्ध तांब्याची तार घ्यावी. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच असावा. अँप्लिफायरजवळचा फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट बसवावे. अर्थची तार आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट कसावी. संकेताची तार विजेच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनाची घरघर ऐकू येत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. तेव्हा अँप्लिफायरभोवती हवा खेळती ठेवणे अगत्याचे आहे. कारागीर काम करत असताना या गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. गालिचा अंथरल्यावर काही दिसत नाही.

खर्च वाढवण्यापूर्वी आणखी एक हिशेब ध्यानात घ्यावा. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. कानाची सहनशक्ती मात्र याच्या उलट घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या संवेदनपेशी पुन्हा उगवत नाहीत. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गाडी गल्लीत शिरली की काचा वर आणि आवाज खाली, हा शेजारधर्म घरातील मोठ्यांनीच घालून द्यावा.

स्तवन असो वा चित्रपटगीत, शब्द स्पष्ट ऐकू यावा, खर्ज जाणवावा, पण मागच्या आसनावरील आजीशी बोलताना आवाज चढवावा लागू नये, हीच उत्तम जुळणीची कसोटी. ज्या घरात तराजूचा काटा रोज तपासला जातो, त्या घराला हा काटा जुळवणे मुळीच अवघड नाही.