केशवरावांचे नाट्यगृह पुन्हा उभे राहताना

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१५ मध्ये, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरचा पडदा वर गेला. मराठी वाचक आणि मराठी प्रेक्षक असे बरोबरीने वाढलेले. तेव्हा त्या नाट्यगृहाची विचारपूस दिवाळी अंकाने करायची नाही तर कोणी?

शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले आणि रोमच्या प्राचीन वास्तू मनात साठवून परतले. त्यातून खासबाग कुस्ती मैदान झाले आणि त्याला लागूनच नाट्यगृह. इकडे तांबड्या मातीत शड्डू, तिकडे नांदीचे सूर. मल्ल आणि नट यांना एकाच मानाने शेजार देणारा राजा दुर्मीळच. आत प्रेक्षकाची नजर अडवणारा खांब नव्हता. नटाचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाई, अशी या वास्तूची ख्याती. जुने रंगकर्मी त्याचे श्रेय रंगमंचाखालच्या पोकळीला देत आले आहेत.

१९५७ मध्ये या वास्तूला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. जन्माने कोल्हापूरचे केशवराव लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झाले, देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदा म्हणून गाजले आणि १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढली. वय अवघे अठराच्या आसपास! जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. छत, रंगमंच, खुर्च्या आगीत गेल्या. दगडी भिंती उरल्या. बातमी कळताच रंगकर्मी धावत आले, भर रस्त्यात रडले. राजाने बांधलेली, महापालिकेच्या मालकीची वास्तू, पण घर जळावे तसे लोक कळवळले. कारण उघड आहे. व्यावसायिक नाटकांचे दौरे इथे थांबत, तशीच दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणारी हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेत इथेच पहिल्यांदा प्रकाशात उभी राहत. शाळकरी पोरांची स्नेहसंमेलनेही याच रंगमंचावर होत.

राज्य सरकारने निधी जाहीर केला, महापालिकेने पुनर्बांधणी हाती घेतली. हेरिटेज वास्तू मूळ रूपात उभी करायची तर दर्शनी दगडकामाइतकीच काळजी आवाजाची घ्यावी लागेल. नव्या छताने आणि वातानुकूलनाच्या यंत्रणेने ती जुनी श्रवणीयता गिळली, तर उभे राहील ते दुसरेच सभागृह. लाकूड, मखमली पडदे आणि विजेच्या तारा एकत्र नांदतात तिथे अग्निसुरक्षेची तपासणी कागदावर उरकता येत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालिकेच्या नाट्यगृहाला हे लागू आहे.

आणि भाडे. शंभराहून अधिक वर्षांचा वारसा असलेल्या या रंगमंचावर गल्लीतल्या हौशी संस्थेला तारीख परवडली पाहिजे. नेपथ्याचा टेम्पो, दिवे, रंगभूषा यांचा खर्च भागवून त्या पोरांच्या हाती काही उरेल असा दर महापालिकेने उद्घाटनाआधीच जाहीर करावा आणि स्पर्धेच्या तारखा राखून ठेवाव्यात.