बत्तीस वर्षांत एकदाही नाही!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथे कॅनडात आमच्याकडे पुरुषमंडळीही येतात. पूर्वी त्याला कारण होतं, एवढ्या लांब बायकांना गाडीतून आणणार कोण? आता बायका स्वतः गाडी चालवत येतात, तरी पुरुष येतातच आणि टीव्हीसमोर बसून राहतात. यंदा त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी फोनवरचा एक व्हिडिओ टीव्हीवर लावला. माँट्रियलमधला बीव्हर हॉलचा उतार, ५ डिसेंबर २०१६ची सकाळ. एक बस आडवी होत अलगद खाली येते आणि खालच्या गाड्यांवर जाऊन टेकते. मग आणखी एक गाडी, मग आणखी एक. खोलीत हशा. "आता हा बघा, हा बघा!" मग हातातला तिळगूळ तोंडात टाकून गृहस्थांनी निकाल दिला, "बर्फ कुणाला पाडत नसतो हो, माणूस पडतो. बत्तीस वर्षं चालवतोय या देशात. एकदाही नाही!" आणि मान माझ्याकडे वळवून, "वहिनी, तुमचं कळलं डिसेंबरातलं. जपून हां."

ते 'जपून हां' मला अजून पचलेलं नाही. गोड बोलायचा दिवस होता म्हणून तेव्हा गप्प बसले. आज संक्रांत नाही.

पूर्वपक्ष आधी मांडावा ही आपली जुनी रीत, म्हणून मांडते. गृहस्थांच्या मते बर्फावर घसरतो तो एक तर नवशिका, नाही तर नालायक. गाडी मोठी घ्यावी, चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे प्रश्नच मिटला. विंटर टायर वगैरे टायरवाल्यांची कमाई. ज्याला जमत नाही त्याने घरी बसावं. हसलं तर काय बिघडलं, चारचौघांत हसं झालं की माणूस शिकतो. आणि कायदाही हेच सांगतो. बायकांविषयी आणखी एक मुद्दा निघत होता, पण त्यांच्या सौभाग्यवतींनी डोळे वटारल्यामुळे तो अर्ध्यावरच राहिला. त्याचं खंडन झालं असं मी धरते.

आता तो व्हिडिओच घ्या. गृहस्थांनी तो हसू टिपेला पोचल्यावर बंद केला, पण मी घरी येऊन पूर्ण पाहिला. त्यात बस घसरते, पिकअप घसरतो, पोलिसांची गाडी घसरते आणि सगळ्यात शेवटी, त्या सगळ्यांना सोडवायला यावा तसा रस्त्यावरचा बर्फ उपसणारा ट्रक येतो आणि तोही घसरत जाऊन आदळतो. बर्फात गाडी चालवणं हीच ज्याची नोकरी, तो माणूस! माँट्रियलच्या बसचालकाला हिवाळा काय नवीन असतो? गृहस्थांनी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून जे लावलं, तेच त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होतं. साक्ष संपायच्या आत त्यांनी रिमोट दाबला, एवढंच.

पण माझा खरा राग त्या बत्तीस वर्षांवर आहे. 'एकदाही नाही' हे वाक्य मी या देशात इतक्या तोंडून ऐकलंय की तेवढी माणसं खरोखर एकदाही घसरली नसती, तर गॅरेजवाले उपाशी मेले असते. बत्तीस वर्षं म्हणजे बत्तीस वर्षं बर्फावर नव्हे. आमच्या ब्रॅम्प्टनला हिवाळा लांब असतो हे खरं, पण बर्फ पडला म्हणून रस्ता निसरडा असतोच असं नाही. कडक थंडीत भुसभुशीत बर्फावरून गाडी बऱ्यापैकी जाते. मीठ टाकलेलं असतं, ट्रक फिरून गेलेला असतो. खरा दगा शून्याच्या आसपास होतो, जेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो किंवा पावसाचं पाणी पडल्या पडल्या गोठतं. मिठाचंही तसंच. थंडी उणे दहाच्या खाली गेली की साध्या मिठाचा जोर ओसरतो, म्हणून पांढरं मीठ दिसलं तरी रस्ता सुरक्षित असतोच असं नाही. अशा सकाळी वर्षाला किती येतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या नेमक्या सकाळी गृहस्थ कुठे असतात? गो ट्रेनमध्ये! गेली अनेक वर्षं ते डाउनटाउनला ट्रेनने जातात. गाडी गॅरेजमध्ये, पेपर हातात, कॉफी मांडीवर. ट्रेनमध्ये बसून बर्फावर न घसरणं हे कौशल्य असेल, तर मी विमानात बसून आजवर एकदाही पाण्यात बुडालेली नाही.

हे असं बोलणं त्यांना नवीन नाही. गणपती तिथीला बसवायचा की येणाऱ्या शनिवारी, हा वाद आमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी पेटला होता, तेव्हाही 'आमच्या वेळी कधी अडचण आली नाही' हेच त्यांचं अस्त्र होतं. अडचण येत नव्हती, कारण मोदक वळणाऱ्या बायका ऑफिसातून रजा काढायच्या. ज्याला अडचण दिसत नाही त्याची अडचण बहुधा दुसरंच कुणीतरी उचलत असतं. असो. गणपती शनिवारीच बसतो आता.

मोठ्या गाडीचं खूळ तर इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला लागतं. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून निघते, चढ चढते, हे मान्य. पण प्रश्न निघण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. आणि ब्रेक माझ्या म्हाताऱ्या कोरोलालाही चारही चाकांना आहेत. गाडी जड म्हणून लवकर थांबते असंही नाही, वजन वाढलं की थांबवायला लागणारा जोरही तेवढाच वाढतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून साधारण १५ मीटरमध्ये थांबते. ओल्या बर्फावर तिलाच १०० मीटरच्या आसपास लागतात. ती जीप असो नाहीतर रिक्षा. मोठ्या गाडीने फरक पडतो तो एकच: चालवणाऱ्याला भीती वाटेनाशी होते.

आता माझं डिसेंबरातलं. कळलं म्हणतात ना, मग पूर्णच कळू दे.

मी वृद्धांच्या एका केअर होमच्या स्वयंपाकघरात काम करते. सातला पोचावं लागतं. त्या दिवशी सव्वासहाला निघाले. रात्रभर फ्रीझिंग रेन पडलेला. आकाशातून पाणीच पडतं, पण टेकेल तिथे त्याची काच होते. झाडाची काटकी न काटकी पाकात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. आमच्या गल्लीच्या टोकाला उतार आहे, खाली स्टॉपची पाटी आणि पुढे आडवा रस्ता. वेग वीसच्या आत. मी ब्रेकवर पाय ठेवला. पायाखाली एबीएसची करकर सुरू झाली आणि गाडी होती त्याच वेगाने पुढे जात राहिली. स्टीअरिंग वळवलं, चाकं वळली असणार, गाडी वळली नाही. भीती नंतर वाटते. आधी आश्चर्य वाटतं, की एवढं सगळं इतक्या शांतपणे होऊ शकतं. पाटी उजव्या अंगाने मागे गेली. आडवा रस्ता ओलांडून चाक समोरच्या कडेवर आपटलं आणि बंपर टपालपेट्यांच्या चौथऱ्याला लागला. नशिबाने आडव्या रस्त्यावर तेव्हा कुणी नव्हतं.

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक फोन चमकला. शूटिंग चालू होतं. त्याच वेळी शेजारच्या घरातून एक सत्तरीच्या बाई बाहेर आल्या, झोपायच्या झग्यावर कोट, हातात मांजराच्या पेटीत घालतात त्या मातीची पिशवी. रस्त्यावरून नाही, गवतावरून आल्या. गोठलेलं गवत पाय धरतं. माझ्याकडे एकदा बघून, मी हात हलवतेय एवढी खात्री करून, त्या आधी गेल्या उताराच्या वरच्या टोकाला. पिशवी रस्त्यावर झाडली, रिसायकलिंगचा निळा डबा ओढून मधोमध ठेवला. मग माझ्याकडे आल्या. "पुढचा येईल ना," एवढंच म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं, तर तो डबाही चार फूट खाली घसरला होता. त्याच्याकडे बहुधा लायसन्स नव्हतं.

घरी बसा म्हणणाऱ्यांना एकाच ओळीत उत्तर देते: त्या सकाळी मी घरी बसले असते तर नव्वद म्हाताऱ्यांच्या नाश्त्याला गृहस्थ येणार होते का?

कायद्याचा मुद्दा मात्र एका ओळीत उडवता येत नाही, कारण तो बरोबर आहे. ऑन्टारिओत अपघातात कुणाचा दोष किती हे इन्शुरन्ससाठी ठरवताना हवामान आणि रस्त्याची स्थिती धरायचीच नाही, असा नियमच आहे. बर्फ होता हे कारण चालत नाही. मलाही चाललं नाही. पण हा हिशेब पैसे कुणी भरायचे याचा आहे, कुणाला हसायचं याचा नाही. आणि कायदाच काढायचा तर ऑन्टारिओतच २००९ पासून आणखी एक कायदा आहे: झाल्या प्रकाराबद्दल 'सॉरी' म्हटलं तर ती चुकीची कबुली धरता येत नाही. हा कायदा गृहस्थांना माहीत नसावा. बत्तीस वर्षांत तो शब्द वापरायची वेळ आली नाही म्हणतात.

हसण्याने माणूस शिकतो, हे तर साफ खोटं. हसण्याने माणूस लपवायला शिकतो. अमुक पुलावर बर्फाचा थर होता, तमुक वळणावर चाकं सुटली, हे आपण एकमेकांना सांगत नाही, कारण सांगितलं की 'जपून हां' ऐकावं लागतं. पूल जमिनीवरच्या रस्त्याच्या आधी गोठतो, त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला ११ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे पुलासारख्या उंच रस्त्यावर हेच झालं. तिथे आदळलेल्या गाड्या १३०हून जास्त आणि सहा माणसं गेली. मागून येणाऱ्यांना पुढचा ढीग दिसला तरी थांबता येत नव्हतं. त्यातले सगळे नालायक होते का? की पुढे काय झालंय हे मागच्याला वेळेत कळलं नाही?

आमच्याकडे मुंबईत पहिल्या पावसाला रस्त्यावरचं तेल वर येतं आणि दुचाक्या सटासट घसरतात. चार माणसं धावत येतात. सल्ला देणारा तिथेही असतोच, पण तो आधी स्कूटर उचलतो.

माझं म्हणणं एवढंच, आणि ते फार मोठं नाही हे मला मान्य आहे. आमच्या केअर होममध्ये कुणी पाय घसरून पडलं की पहिल्यांदा पिवळी पाटी लावतात, मग माणसाला उचलतात, मग फरशी पुसतात, आणि पाणी कुणी सांडलं ही चौकशी त्यानंतर. फोन काढायचा असेल तर पाटी लावून झाल्यावर काढा. हायवेवर गाडी घसरली तर उतरून नुकसान बघत उभं राहू नका, मागचाही घसरत येणारच आहे असं धरा. एबीएस करकरतोय म्हणून ब्रेक सोडू नका, दाबून ठेवा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टीअरिंग धरा. माझ्या त्या सकाळी याचा उपयोग झाला नाही, पण थोडी पकड असेल तर होतो.

आणि हो, चूक माझीही होती. गृहस्थांना ती सापडली नाही, कारण ते ती शोधत होते उतारावर आणि ती झाली होती नोव्हेंबरात. विंटर टायर ही टायरवाल्यांची कमाई असेल, पण साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हे टायरवाल्यांनी केलेलं नाही. क्वेबेकने २००८ पासून विंटर टायर सक्तीचेच केलेत, आता १ डिसेंबर ते १५ मार्च. आमच्या ऑन्टारिओत सक्ती नाही. २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यावर सवलत द्यावी लागते, तेवढंच. त्या काचेवर विंटर टायरनेही गाडी जागच्या जागी उभी केली नसती, हे मी जाणून आहे. पण स्टॉपची पाटी ओलांडायच्या आत थांबण्याची काहीतरी आशा होती. माझे चारही विंटर टायर त्या सकाळी बेसमेंटमध्ये, फाटक्या चादरीखाली होते. पहिला बर्फ पडल्यावर मी गॅरेजला फोन केला, तेव्हा सगळ्या गावाने केला होता. मला तारीख मिळाली १२ डिसेंबर. मी घसरले ९ला.

तेव्हा यंदा गॅरेजला फोन ऑक्टोबरातच करा.