पिवळ्या पानांची साक्ष

१९९६ साली मी मुंबईत एका बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. मागच्या कपाटात यलो पेजेसच्या चार वर्षांच्या प्रती असत. नवी प्रत आली की लोक जुनी रद्दीत घालत. मी ती ठेवून घेई. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव मी चारही प्रतींत पाहत असे. एका हार्डवेअरवाल्याची जाहिरात पाव पानावरून दोन ओळींवर आली होती. विचारले, तर म्हणाला, "साहेब, आता जाहिरात कशाला? गिऱ्हाईक ओळखतं आपल्याला." ताळेबंद ठणठणीत होता, म्हणून मी शिफारस केली. वर्षाच्या आत खाते थकले. ताळेबंद जे लपवत होता ते पिवळे पान सांगत होते; ऐकले नाही ते मीच.

या पानांपायी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले होते, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. महानगर टेलिफोन निगमचे म्हणणे, छापण्याचा हक्क आमचाच. टाटा प्रेसचे म्हणणे, आम्ही छापतो त्या जाहिराती. ऑगस्ट १९९५ मध्ये निकाल लागला. ग्राहकांची यादी परवानगीवाचून छापता येणार नाही, पण व्यापारी जाहिरात हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. किराणा-भुसाराच्या पानाला घटनेचे संरक्षण!

ती पाने धुतल्या तांदळासारखी होती असे नाही. ज्याचे पैसे जास्त त्याची चौकट मोठी. वर्णानुक्रमात पुढे यावे म्हणून नावाआधी दोन-तीन 'ए' चिकटवणारेही होते. दुकान हलले की चुकीचा नंबर वर्षभर छळे. पण जाहिरात ही जाहिरात म्हणून दिसे, आणि छापलेले पुसता येत नसे.

मग फोनवर नंबर सांगणाऱ्या सेवा आल्या, मोबाइल आला, गूगल आले. ब्रिटनमध्ये यलो पेजेसची छापील आवृत्ती २०१९ मध्ये थांबली. आमच्याकडे तिचे जाणे कुणाच्या लक्षातही आले नाही.

इंटरनेटवर पेरलेल्या खोट्या नंबरांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या पुस्तिकेत सावध केले होते. तरी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक फसले. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक म्हणून मोबाइलवर सर्वांत वर दिसला तो त्यांनी फिरवला आणि पलीकडच्या माणसाने सांगितले तसे करत गेले. खाते रिकामे झाले. पोलीस ठाण्यात मी सोबत गेलो. "नंबर कुठं पाहिलात, ते दाखवा," हवालदार म्हणाले. गुरुजींनी चष्मा लावला, तेच शब्द पुन्हा टाइप केले. तो नंबर तिथे नव्हता.